आधी देवी, मग महुआ

खंडेराव गेट, झाशी
२० डिसेंबर २०२३

लीला,

आशीर्वाद लिहायला हात कचरतो, म्हणून नुसतं नाव लिहून सुरुवात करते. तू लेकीकडे, कांचनकडे गेल्यापासून मी तुला महुआची, मोहाच्या वाळल्या फुलांची पार्सलं पाठवत राहिले, पण एकातही चिठ्ठी घातली नाही. तीस वर्षं एका स्वयंपाकघरात रांधलेली सख्खी धाकटी जाऊ तू, आणि मी पार्सलावर पत्ता तेवढा लिहायचे, जशी काही मी दुकानदार आणि तू गिऱ्हाईक. फोनवर तुला ऐकू येत नाही ही सबब मला चांगली सापडली होती. पत्र लिहायला मात्र कुणी माझा हात धरला नव्हता.

कांचनचं निमंत्रण मिळालं. कार्ड छान, जाड कागदाचं आहे. 'झाशीच्या महुआची पहिली बीअर, ३ फेब्रुवारी, संध्याकाळी' एवढं वाचून मी ते आधी उलटं करून ठेवलं, कारण समोर दूधवाला उभा होता. त्याला मराठी कळत नाही हे खरं, पण 'बीअर' कुणालाही वाचता येतं.

खाली तुझ्या अक्षरात ओळ होती. 'महुआ तुमचा आहे. चाखायला या.' ती मी ह्यांना वाचून दाखवली. हे म्हणाले, "मग जा की. माझे गुडघे मला सीपरी बाजारापर्यंत नेत नाहीत, गोव्याला काय नेणार? माझ्या नोकरीचा रेल्वेचा पास नुसता पडून आहे. एक रात्र राहून ये." मला वाटलं होतं, हे नको म्हणतील आणि मी सुटेन. तेवढंही त्यांनी केलं नाही.

तर मी येते. गाडी इथून रात्री आहे, मधला अख्खा दिवस गाडीत जातो आणि तिसऱ्या दिवशी पहाटे मडगाव. तुमचं काणकोण तिथून पुढे तासाभरावर, असं कांचननं कळवलंय. एक रात्र तुझ्याकडे, दुसऱ्या दिवशी दुपारची परतीची गाडी. तुझ्याकडे असणार त्यापेक्षा जास्त वेळ गाडीत बसणार, असा हा प्रवास आहे. बीअरसाठी इतक्या लांब जाणारी आपल्या घराण्यातली मी पहिलीच असेन.

काही गोष्टी विचारायच्या आहेत, हसू नकोस. ती फार थंड असते का? माझा घसा तुला ठाऊक आहे. कपात देता येईल का? आणि तीन तारखेला शनिवार, माझा उपास. जव म्हणजे धान्यच की, मग बीअर उपासाला कशी चालेल? हे इथे विचारायचं तरी कुणाला?

तुझ्या जावयाच्या, रमाकांतच्या नारळाच्या बागेत बीअरचा कारखाना ही जागाच माझ्या डोळ्यांपुढे येत नाही. मला ठाऊक असलेलं दारूचं दुकान म्हणजे पुढे लोखंडी जाळी, जाळीला हात जाईल एवढं भोक आणि भोकासमोर माना खाली घालून उभी रांग. तसं नसणार, हे कळतं. गरौठ्याहून येऊन बाजारात बसणारा महुआवाला मला दर वेळी विचारतो, "काय अम्मा, इत्तो मउआ काय खों? भैंस पाली है का?" मी सांगते, "दवाई के लिए." आता तोही ओळखून हसतो.

इथे सगळ्या तुझी चौकशी करतात. मी सांगते, बरी आहे.

तुझी
शारदा


झाशी
४ जानेवारी २०२४

लीला,

तुझं पत्र आलं. महुआला उकळी दिली की साऱ्या बागेत वास सुटतो आणि शेजारची मुलं भिंतीवर येऊन बसतात, हे वाचून फार बरं वाटलं. माझ्यासाठी समुद्राच्या बाजूची खोली झाडून ठेवलीस, कपही वेगळा काढलास. उपासाचं म्हणशील तर तू लिहिलंस तेच करू, शुक्रवारी गाडीतच उपास करून टाकीन. शनिवारऐवजी शुक्रवार केला म्हणून मारुती काही रागवायचा नाही, ब्रह्मचारी आहे, हिशेब ठेवायला घरात कुणी नाही.

तिकीट झालंय. एक लहानसा घोटाळाही झालाय, तेवढा सांगून टाकते.

काल मंडळात भजन होतं. कमळावहिनी अध्यक्षीण झाल्यापासून त्यांचा आवाज आणखी चढलाय. भर भजनात विचारलं, "शारदा, कुठे निघालीस गं? तुझे मार्तंडभाऊ पासाचं बोलत होते."

मी म्हटलं, "गोव्याला."

टाळ थांबले. झाशीतली साठी उलटलेली बाई, एकटी, फेब्रुवारीत गोव्याला! त्यांची सून विद्या आहे ना, ती म्हणाली, "गोवा? अरे वा काकू, गोव्यात काय आहे जी?" तिनं आपलं सहज विचारलं. पण सगळ्याजणी माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आपली विजयादुर्गा नाही का? केरीला."

मग जे झालं ते तू पाहायला हवं होतंस. कमळावहिनींनी टाळ खाली ठेवून हात जोडले. त्यांचे डोळे भरून आले. म्हणाल्या, "आमचे लोक इकडे सुभेदारांबरोबर आले, देवी तिकडेच राहिली. देवघरात टाक आहे, तोच जन्मभर पुजला. आमच्या घरातून तिच्या पायांशी कुणी गेल्याचं मी ऐकलेलं नाही. तू भाग्याची गं शारदा." आणि मग, "माझी ओटी नेशील?"

नाही कसं म्हणणार? एकीला हो म्हटलं, की बाकीच्यांनाही हो. आज सकाळपासून दार वाजतंय. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, वर दक्षिणेची पुडी, आणि पिशवीवर आडनाव. माजघरातल्या फडताळाचा खालचा कप्पा भरला, आता वरचा भरतोय. बबिन्याच्या छावणीतली पुष्पासुद्धा येऊन गेली. तिची देवी दुसरीच आहे, पण ती म्हणाली, "काकी, देवी देवी बहिणीच की."

फारसं बिघडलं नाही. केरी आणि काणकोण एकाच राज्यात आहेत. देवीला एका बाजूनं हात जोडीन आणि दुसऱ्या बाजूनं तुझ्याकडे येईन. तू मनाला लावून घेऊ नकोस. मी काही खोटं बोलले असं नाही, थोडं पुढेमागे सांगितलं एवढंच.

शारदा


झाशी
१२ जानेवारी

लीला,

हे पत्र कांचनला दाखवू नकोस.

कमळावहिनी माझ्याबरोबर येतायत. त्यांच्या भाच्यानं कुठल्याशा कोट्यातून तिकीट मिळवलं, माझ्याच डब्यात. परवा पेढे घेऊन आल्या. "देवीनंच बोलावलं बघ," म्हणाल्या. "आणि लीलाकडे एक रात्र उतरू. सरबताचा कारखाना बघू. तिला दोन वर्षांत बघितलं नाही."

सरबताचा. आता ते सांगायलाच हवं. तू गेलीस तेव्हा इथे मी सांगितलं, की जावयांचा कोकम सरबताचा कारखाना आहे. हे तुला आज कळतंय, मी मात्र दोन वर्षं सांगत आलेय. बाटल्यांचा धंदा एवढं तर खरं होतं. लोकांनी विचारलं की मी तुमच्या कोकमाची तारीफसुद्धा करायची. विद्या एकदा म्हणाली, "काकू, एक पेटी मागवून द्या ना." तेव्हा मी वाण्याकडून बाटल्या आणल्या, वरचे कागद भिजवून काढले आणि तिला दिल्या. पैसे घेतले नाहीत. फार छान आहे म्हणाली.

तर आता तुझ्याकडे मागणं आहे. एकाच रात्रीचं आहे, म्हणून मागते. फाटकावर बोर्ड आहे म्हणतेस, तो त्या दिवशी झाकता येईल का? एखादी चादर, नाहीतर रंगकाम चाललंय म्हणून प्लास्टिक. महुआची ती पहिली बीअर एक दिवस पुढे ढकलता आली तर बरं. आम्ही चार तारखेच्या दुपारी निघालो की मग खुशाल करा. कांचन पाहुण्यांसमोर बीअर बीअर करते, तिला सांग की एक रात्र सरबत म्हण. आणि ती मोठाली भांडी खोलीला कुलूप लावून ठेवता आली तर बघ. वासाचं काय करायचं ते मला सुचत नाही. तुला सुचेल.

कांचनला असं सांगू नकोस की काकूंना लाज वाटते. म्हण, कमळावहिनी म्हाताऱ्या आहेत, त्यांचं मन दुखायला नको.

मला चाखायला मिळालं नाही तरी चालेल.

शारदा


झाशी
१९ जानेवारी

लीला,

तुझं पत्र नाही. काल कांचनचा आवाज तेवढा फोनवर आला, रेकॉर्ड करून पाठवलेला. तिनं तो तुझ्यासमोर बसून बोललेला दिसतो, कारण मागे तुझ्या बांगड्या वाजल्या. बोलली ते तुला ठाऊकच असणार, तरी लिहिते, म्हणजे मला नीट ऐकू आलं हे तुला कळेल.

"काकू, नमस्कार. आईनं तुमची चिट्ठी मला दिली. तिनं लपवली नाही, सॉरी. आई म्हणते, बोर्ड लोखंडाचा आहे, पुरा फाटकाएवढा. तो झाकायला आमच्याकडे चादर नाही. तुम्ही कमळाकाकींना घेऊन देवीला जाऊन या, दर्शन अच्छे से करा. आमच्याकडे उतरू नका. बस, इतनाच."

'बस, इतनाच' ती म्हणाली की तू म्हणवलंस?

मी आधी रागावले. लहान जाऊ असून मला येऊ नका म्हणते, असं तणतणत घरभर फिरले. भांडी आपटली. ह्यांनी वर्तमानपत्र खाली करून विचारलं, तेव्हा मी सगळं सांगितलं, बोर्डाचंही. मला वाटलं, हे माझी बाजू घेतील. ते म्हणाले, "म्हणजे ती आपल्या घरी सरबतवाली व्हायची आणि तू तिच्या घरी पाहुणी? वा." आणि वर्तमानपत्र पुन्हा वर केलं. माणूस वर्षातून एखादंच वाक्य धड बोलतो आणि नेमकं नको तेव्हा.

मग मला लाज वाटायला लागली. अशी वाटली, की देवापुढे दिवा लावायला गेले तर देवघरात बसवेना. तू मला बोलावलंस, खोली झाडलीस, माझ्यासाठी कप वेगळा काढलास, आणि मी लिहिलं की कारखाना झाक, भांडी कुलपात घाल, मुलीला खोटं बोलायला लाव. तुझ्याच घरात तू चोरासारखी वागावीस, एवढं मागितलं. एक रात्र म्हणून मागितलं, जसं काही एका रात्रीचं लागत नाही!

आणि खरं सांगू? इथे दारूला नावं ठेवणाऱ्या बायकांत मी सगळ्यात मोठ्यानं बोलणारी नव्हते. मला स्वतःला तुझ्या कामाचं वाईट वाटतसुद्धा नव्हतं. महुआ मी निवडून पाठवायची, खडे काढून, उन्हात वाळवून. तुम्ही तो वापरलात म्हणून मनातून फुगले होते. नुसतं चार बायका काय म्हणतील एवढ्यासाठी हे सगळं केलं. वाईट वाटत असतं तर निदान काही मत तरी होतं म्हणता आलं असतं.

क्षमा मागत नाही, कारण तू मोठ्या मनानं करशीलही आणि मग मी पुन्हा सुटेन. सत्तावीसला घरी संक्रांतीचं हळदीकुंकू आहे. सगळ्या येतील. मी सांगणार आहे.

शारदा


झाशी
२८ जानेवारी

लीला,

सांगितलं.

कसं सांगितलं ते विचारू नकोस, म्हणजे मी सांगणारच आहे. सगळ्या आल्या होत्या. पुष्पा बबिन्याहून टेम्पोनं आली. तिळगूळ झाला, वाण लुटून झालं, चिवड्याच्या बशा फिरल्या, आणि कमळावहिनी सगळ्यांना प्रवासाचं सांगायला लागल्या, गाडीत काय काय न्यायचं ते. मी उभी राहिले. म्हटलं, "वहिनी, मी देवीला म्हणून निघालेली नाही. मी लीलाकडे निघाले आहे, तिच्या कारखान्यातली बीअर प्यायला. सरबताचा कारखाना नाही तो, बीअरचा आहे. महुआ मी पाठवते."

कमळावहिनींनी हातातली चिवड्याची बशी खाली ठेवली. म्हणाल्या, "लीला शराब बनवते?"

"शराब नाही, बीअर."

"एकच ना जी!"

"वेगळं असतं," मी म्हटलं. पण काय वेगळं असतं ते मला कुठे ठाऊक होतं? तू दोन ओळी लिहिल्या असत्यास तर सांगितलं असतं. विद्या तेवढी माझ्याकडे बघत होती, आणि मला त्या कोकमाच्या बाटल्या आठवल्या. तेही सांगितलं. तिनं तोंडाला पदर लावला. हसत होती की काय होतं, कळलं नाही.

पुष्पा बिचारी मदतीला धावली. "काकी, आमच्या गावाकडं म्हसोबाला बाटली दावत्यात. तो न्हाई रुसत." तिचं बोलणं ऐकून बाकीच्यांनी कानांवर हात ठेवले.

मी फडताळ उघडलं आणि ओट्या बाहेर काढायला लागले. म्हटलं, जिची तिला परत देते. पिशवीवरची नावं वाचून एकेकीपुढे धरली. लीला, कुणीही हात पुढे केला नाही. मी पिशवी धरून उभी आणि समोरची हात मांडीखाली घेऊन बसलेली. कमळावहिनींपुढे गेले तर त्या ओरडल्याच, "देवीच्या नावानं बांधलेली ओटी घराबाहेर पडली की परत उंबरा ओलांडत नाही, एवढंही विसरलीस?"

"मग कुरियरनं पाठवते," मी म्हटलं.

"देवीला कुरियर!"

पुष्पा फिस्सकन हसली. मलाही हसू आलं असतं, पण माझं तोंड रडकं झालं होतं. मी त्या सगळ्यांच्या मधे पिशव्या घेऊन उभी, आणि त्यांना कळून चुकलं की त्यांची पहिली ओटी देवीपर्यंत न्यायला माझ्याशिवाय कुणी नाही. शिव्या द्याव्यात तर मलाच आणि विश्वास ठेवावा तर तोही माझ्यावरच. असा पेच आपल्या मंडळात आजवर आला नसेल.

शेवटी कमळावहिनी उठल्या. म्हणाल्या, "मी येत नाही. त्या घरात पाय ठेवायचा नाही मला. तिकीट रद्द. पण ओटी तूच ने. एक सांगते, आधी देवी, मग तुला काय घशात ओतायचं ते ओत. ते तोंडाला लावून माझी ओटी घेऊन तिच्यापुढे उभी राहिलीस, तर बघ."

मी म्हटलं, "आधी देवी. शब्द देते." शब्दाची किंमत माझ्याकडे किती उरलीय हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण कमळावहिनींनी मान हलवली.

मग उठल्याच सगळ्या. कुंकू लावून घेतलं, कारण ते नाकारता येत नाही, पण चिवडा तसाच टाकून गेल्या. विद्या सगळ्यात मागे राहिली. चपला घालताना हळूच म्हणाली, "काकू, वापस आने के बाद बताना, कैसी लगी." आणि सासूच्या मागे धावली.

ह्यांनी दोन बशा चिवडा संपवला.

पत्र तुला पोचेल तेव्हा मी निघायच्या बेतात असेन. तू येऊ नका म्हणालीस ते मी विसरलेले नाही. ओट्या घेऊन केरीला तर जायलाच हवं. तिथून काणकोणला यावं की परत फिरावं, हे मला ठरवता येत नाही. तू काही कळवलंस तर तसं करीन.

शारदा


३ फेब्रुवारी, सकाळ
तुमच्या फाटकाबाहेर

लीला,

हे पत्र रमाकांतच्या हाती देतेय. तो मला आत चला म्हणाला, मी नाही म्हटलं. तू येऊ नका म्हणाली होतीस, तेव्हा मी आत आलेली नाही, रस्त्यावरच टॅक्सीत बसलेय. वही मांडीवर आहे म्हणून अक्षर असं.

तुझं काहीच उत्तर आलं नाही. गाडीत बसताना ठरवलं होतं की मडगावला उतरून नीट केरीला जायचं, ओट्या द्यायच्या आणि उरलेला वेळ स्टेशनात बसून काढायचा. कमळावहिनींना दिलेला शब्द राहील आणि तुझंही ऐकल्यासारखं होईल. असं सगळं जुळवून ठेवलं होतं.

गाडीत समोरच्या बाकावर बीना स्टेशनला चढलेली एक बाई होती, मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला चाललेली. पिशव्या बघून तिनं विचारलं तेव्हा मी सगळ्या घरांची नावं सांगितली. कुठल्या देवीला, कशाला, सगळं सांगितलं. तुझ्याबद्दलही, बीअर सोडून नाही, बीअरसकट. तिला त्यात काही वाटलं नाही. ती म्हणाली, "अच्छा, देवरानी वहीं रहती है. तो देवरानी की ओली कौन सी है?" ओटीला त्या ओली म्हणतात.

मी म्हटलं, "उसकी नहीं है. वो नहीं भरती."

"काय, क्यों नहीं?"

तिनं भांडायला नाही विचारलं. केळं सोलता सोलता विचारलं. मी म्हणणार होते, तिचे मालक गेले. तोंडापर्यंत आलं आणि तिथेच अडलं. वामनभाऊजी गेल्यापासून दर संक्रांतीला मी हळदीकुंकू केलं आणि तू आत चहा केलास. कपबशा तू पुसायचीस, चिवडा तू परतायचीस आणि बाहेर बायका म्हणायच्या, शारदाच्या हाताला काय चव आहे. तुला बाहेर बस असं मी कधी म्हटलं नाही. तूही कधी आली नाहीस, म्हणून मला वाटायचं की तुला चालतं. शेजारीपाजारी मला मोठ्या मनाची थोरली म्हणायचे, धाकट्या विधवा जावेला सांभाळते म्हणून. ते मी खरं धरून चालले होते.

आणि आता तुझ्या बोर्डाची मला लाज वाटत होती! लीला, ज्याची वाटायला हवी होती त्याची वीस वर्षांत एकदाही वाटली नाही. त्या बाईनं केळं खाल्लं, साल खिडकीबाहेर टाकलं आणि पुण्याला उतरून गेली. मी रात्रभर पडून होते. कांचननं कारखाना काढला म्हणून तू झाशी सोडलीस असं मी धरून चालले होते. तू चहाच्या भांड्यापासून उठून गेलीस, हे मला बेळगाव आलं तेव्हा कळलं.

म्हणून मडगावला उतरले ती केरीला गेले नाही. टॅक्सीवाल्याला म्हटलं, आधी काणकोण. त्यानं तीनदा विचारलं, कारण केरी उलट्या बाजूला आहे.

बीअर मी अजून प्यायलेली नाही. कमळावहिनींना शब्द दिलाय, आधी देवी. पण देवीला मी एकटी जाणार नाही. तू येशील तर आत्ता निघू, दुपारपर्यंत दर्शन होईल आणि संध्याकाळच्या आत परत येऊ. मग तू देशील त्या कपात, तुझ्या सगळ्या पाहुण्यांच्या देखत, मी महुआ पिईन. उपास काल झालाय. नाही येणार असशील तर तसं रमाकांतबरोबर सांग. मी रागावणार नाही. ह्या ओट्या मी त्याच्याकडे देऊन जाईन, तो कुणाबरोबर पोचवेल, आणि कमळावहिनींच्या शिव्या खायला मी परत जाईन.

येणार असशील तर एक कर. माझी ओटी मी सोडली आहे. त्यातला खण आणि तांदूळ वेगळ्या पिशवीत घातले आणि गाडीतच वर तुझं नाव लिहिलं. कुणी काही म्हणालं तर मला म्हणेल, आणि मी उत्तर देईन. ही ओटी तू तुझ्या हातानं भरायचीस, पुढे उभी राहून, आणि मी मागे रिकाम्या हातानं उभी राहीन. माझा नारळ मात्र गाडीतल्या धक्क्यांनी तडकला, तो देवीला चालायचा नाही. तुमच्या झाडाचा एक काढून घे, आणि बाहेर ये.

शारदा